बैल विकला, लेक लांब दिली: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात आपण २०१९ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलबद्दल बोललो होतो, म्हणजे अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांनी गरिबीवर जे प्रयोग केले त्याबद्दल. त्यावर बरीच पत्रं आली आणि निम्म्या लोकांचं म्हणणं एकच, की हे केनियाचं झालं, आपल्याकडचं काय ते सांगा. बरं मग, या वेळी सुरुवातच आपल्याकडून.

प्रश्न: आमचं गाव मोहोळ तालुक्यात. भाचा हैदराबादला एमए इकॉनॉमिक्स करतोय. तो म्हणतो, मामा, तुमच्या तालुक्यातल्या शिरापूरवर अमेरिकेतले प्रोफेसर पेपर लिहितात, आम्हाला अभ्यासाला आहे. मला वाटलं पोरगं चेष्टा करतंय. शिरापुरात असं काय आहे?
(एक वाचक, जि. सोलापूर)

भाचा चेष्टा करत नाहीये दादा. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट म्हणून कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे, १९७२ साली सुरू झालेली. त्यांनी १९७५ मध्ये सहा गावं निवडली. आत्ताच्या तेलंगणातलं औरेपल्ली आणि डोकूर, आपल्या सोलापूर जिल्ह्यातलं शिरापूर आणि कळमण, आणि अकोला जिल्ह्यातलं कानझरा आणि किनखेडा. प्रत्येक गावात ४० घरं घेतली, १० भूमिहीन मजुरांची आणि ३० शेतकऱ्यांची, त्यात लहान, मध्यम, मोठे असे दहा-दहा. आणि मग त्यांनी जे केलं ते फार कमी लोक करतात. सर्व्हे करणारा माणूस गावातच राहायला ठेवला. तो दर तीन-चार आठवड्यांनी त्याच घरात जायचा आणि विचारायचा, किती दिवस कामाला गेलात, काय विकलं, कुणाकडून उसनं घेतलं, घरात काय शिजलं. असं जवळपास दहा वर्षं. मधे बंद पडलं, २००१ ला परत सुरू केलं.

एरवीचा सर्व्हे म्हणजे पाहुणा येऊन चहा पिऊन जातो तसा असतो, त्या दिवशी घर जसं दिसलं तसं लिहितो. इथं मात्र किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखी नोंद झाली, कधी वाढली, कधी फिटली, कधी पान फाटलं सगळं त्यात. म्हणून जगभरच्या अर्थतज्ज्ञांनी ही वही अक्षरशः पाठ केली.

त्यातला गाजलेला पेपर रॉबर्ट टाउनसेंड यांचा, १९९४ चा. त्यांनी औरेपल्ली, शिरापूर आणि कानझरा ही तीन गावं घेतली आणि विचारलं की एका घरचं पीक बुडालं तर त्या घराच्या ताटातलं किती कमी होतं? उत्तर बघून सगळे चकित झाले कारण कमाई एवढी वरखाली होऊनही खाणंपिणं तेवढं वरखाली होत नव्हतं, ते जास्त करून अख्ख्या गावाच्या सरासरीबरोबर हलत होतं. म्हणजे विमा कंपनीचा एजंट गावात फिरकलेलासुद्धा नाही आणि तरी विम्यासारखं काहीतरी चालू होतं. आता हे काय ते तुम्हाला मी काय सांगू, सावड, इर्जिक, हातउसने, पायलीभर ज्वारी सुगीला परत देतो म्हणून नेणं, हेच ते. पण पूर्ण विमा नव्हता, आणि तीनपैकी एका गावात भूमिहीनांना तर तो कमीच लाभत होता. ज्याच्याकडे परत द्यायला सुगी नाही त्याला उसनं कोण देणार.

आणि अख्खं गावच बुडालं तर? तेव्हा शेजारी पण रिकामाच. इथं रोझेनझ्वाइग आणि स्टार्क या दोघांचा १९८९ चा पेपर येतो आणि तो वाचून मी थोडा वेळ गप्पच बसलो होतो. त्यांनी याच गावांच्या आकड्यांवरून दाखवलं की ज्या घरांचं उत्पन्न जास्त बेभरवशाचं ती लेकी लांबच्या गावात देतात, वेगवेगळ्या दिशांना, पण नात्यातच, आणि अशा घरांचं खाणं दुष्काळात कमी हलतं. लांब का? तर तिथला पाऊस वेगळा. नात्यात का? तर मागताना लाज कमी आणि फसवाफसवी पण कमी. माझी एक आत्या सांगोल्याकडून थेट बागायत पट्ट्यात दिलेली, आम्ही सगळे समजायचो आज्जानं चांगलं स्थळ बघितलं. बघितलंच असेल. पण दर उन्हाळ्यात तिच्याकडून कडब्याच्या गाडीवर एक पोतं गहू यायचं हे आत्ता आठवतं. पॉलिसी आत्याच्या नावावर निघाली होती आणि सही मात्र तिची कुठंच नव्हती.

अजून एक, हे तुमच्या भाच्यालाही विचारा. महाराष्ट्रात रोजगार हमी होती, वि. स. पागे यांच्या डोक्यातली, ७२ च्या दुष्काळात मोठी झालेली आणि १९७७ साली कायदा झालेली. औरेपल्लीला तेव्हा तसं काही नव्हतं. इक्रिसॅटच्याच लोकांनी ताडून बघितलं तर शिरापूर-कानझऱ्याच्या भूमिहीनांच्या कमाईतला चढउतार औरेपल्लीपेक्षा साधारण निम्मा होता. खडी फोडायचं काम म्हणून आपण नाक मुरडलं त्या योजनेला, पण ज्याच्याकडे लांब द्यायला लेक नव्हती आणि विकायला बैल नव्हता त्याला तीच होती.

प्रश्न: माझं कृषी सेवा केंद्र आहे. वीस वर्षांचा अनुभव सांगतो, लहान शेतकऱ्याची मेंटॅलिटीच रिस्क घ्यायची नाही. चांगलं बियाणं सांगितलं तरी जुनंच नेतो. तुमचे संशोधक यावर काय म्हणतात?
(एक दुकानदार, जि. अकोला)

सर, तुमच्याच जिल्ह्यात याची परीक्षा झालेली आहे. हान्स बिन्सवांगर नावाच्या अर्थतज्ज्ञाने याच गावांमध्ये सत्तरच्या दशकात लोकांना खरे पैसे लावून खेळ खेळायला लावला. आठ पर्याय. एका पर्यायात छापा पडो की काटा, ५० रुपये नक्की. पुढच्या पर्यायात छाप्याला ४५ आणि काट्याला ९५. असं करत करत शेवटच्या पर्यायात छापा आला तर शून्य, काटा आला तर २००. खेळ आधी आठ-आठ आण्यांवर सुरू केला, मग वाढवत ५० पर्यंत नेला, आणि ते ५० त्या वेळच्या मजुरीत कित्येक दिवसांची कमाई. पैसे घरातून घालायचे नव्हते, मिळणारच होते, फक्त किती ते नाण्यावर.

आठ आण्याला लोक बिनधास्त खेळले. ५० ला आल्यावर बहुतेक सगळे सावध झाले, बेताचे सावध, मधल्या पर्यायांवर येऊन थांबले. पण खरी गोष्ट पुढे आहे. जमीनदार आणि मजूर यांच्या निवडीत म्हणावा असा फरकच सापडला नाही. मेंटॅलिटी दोघांची सारखीच निघाली. मग शेतात फरक का दिसतो? तर मोठ्याच्या मागे सोसायटीचं कर्ज आहे, आडत्याची ओळख आहे, कणगीत धान्य आहे, तो हरला तर पुढच्या वर्षी परत खेळेल. लहान हरला तर खेळातूनच बाहेर.

या सावधपणाची किंमत पण मोजलेली आहे. रोझेनझ्वाइग आणि बिन्सवांगर यांनी १९९३ मध्ये दाखवलं की पावसाची अनिश्चितता एका ठराविक मापाने वाढली तर सगळ्यात गरीब पाव हिस्सा शेतकऱ्यांचा नफा ३५ टक्क्यांनी घटतो, मधल्यांचा १५ टक्क्यांनी, आणि सगळ्यात श्रीमंतांना जवळपास काहीच फरक पडत नाही. पाऊस सगळ्यांवर सारखाच पडला, पण त्या भीतीने काय पेरायचं ते गरिबाने आधीच बदललं. तुमच्या काउंटरवर जुनी पिशवी मागणारा माणूस त्या ३५ टक्क्यांचा हप्ता भरत असतो, फक्त पावती मिळत नाही. आमच्याकडे सोलापुरात मालदांडी ज्वारीचं तेच. लोक विचारतात उतारा कमी तर पेरता कशाला, अरे बाबा कडबा पण लागतो, दाणा नाही भरला तरी जनावर जगतं.

जनावरावरून बैल. याच गावांच्या बैलांवर पण पेपर आहे, रोझेनझ्वाइग आणि वोल्पिन, १९९३. बैल हे शेतकऱ्याचं अवजार पण आणि बँक पण, आणि वाईट वर्षी बँक मोडताना अवजारही जातं. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला तरी पेरणीला जोडी नाही. आमच्या घरात याचं प्रॅक्टिकल झालेलं आहे. बहात्तरला आज्जा एक बैल घेऊन सांगोल्याच्या बाजाराला गेला, तिथं विकणारे शंभर आणि घेणारे दोन अशी गत, पडेल त्या भावाला दिला आणि कासरा खांद्यावर टाकून घरी आला, कासरा दिला नव्हता. पुढच्या वर्षी एका बैलावर शेजारच्या आप्पांशी सावड केली, आप्पांचं रान आधी, आमचं नंतर, पेरणीला आठ-दहा दिवस उशीर. रब्बीत ओल हटायला आठ दिवस पुरतात. तो कासरा पुढं किती तरी वर्षं खुंटीला होता. आज्जाला कुणी रिस्क घेत नाही म्हणालं असतं तर त्यानं काय उत्तर दिलं असतं ते इथं छापता येणार नाही.

प्रश्न: मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. दिवाळीनंतर वेचणी लागली की पाचवी-सहावीची मुलं गायब. मीटिंगमध्ये सगळे म्हणतात, पालकांना शिक्षणाची किंमतच नाही. मला ते पटत नाही पण उत्तरही देता येत नाही.
(एक शिक्षिका, जि. वाशिम)

मॅडम, तुम्हाला पटत नाही ते बरोबर आहे. जेकोबी आणि स्कूफियास यांनी १९९७ मध्ये याच गावांतल्या मुलांची हजेरी आणि घरची कमाई शेजारी शेजारी ठेवली. ज्या हंगामात घरची कमाई अचानक घसरली त्या हंगामात हजेरी घसरली. म्हणजे त्या घरात पोराची शाळा हे बचतखातं आहे, अडचण आली की त्यातून चार दिवस काढायचे, आणि मोठ्या शेतकऱ्यापेक्षा लहानाच्या घरी हे जास्त. खातं मोडणारा माणूस पैशाची किंमत न कळणारा असतो असं आपण म्हणत नाही ना? मग इथं का म्हणतो कोण जाणे.

मेक्सिकोने यावर एक सरळ उपाय केला. १९९७ साली प्रोग्रेसा नावाची योजना काढली, मूल शाळेत ८५ टक्के दिवस हजर असेल तर आईच्या हातात पैसे, आणि मोठ्या वर्गातल्या मुलींना मुलांपेक्षा थोडे जास्त कारण गळती त्यांचीच जास्त. ५०६ गावं घेतली, त्यातल्या ३२० ना आधी दिली आणि १८६ ना नंतर, म्हणून फरक स्वच्छ दिसला, विशेषतः प्राथमिक संपवून पुढच्या शाळेत जाताना. सरकारं बदलली, नावं बदलली, आधी ओपोर्तुनिदादेस मग प्रोस्पेरा, पण योजना वीस वर्षांहून जास्त टिकली.

पण हजर राहणं म्हणजे शिकणं नव्हे हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. केनियात क्रेमर आणि मंडळींनी शाळांना पाठ्यपुस्तकं वाटली आणि सरासरी निकाल हलला नाही, फायदा झाला तो आधीच पुढे असलेल्या मुलांना. पुस्तकं इंग्रजीत, आणि बहुतेक मुलांची ती तिसरी भाषा! उलट आपल्या मुंबईत आणि बडोद्यात 'प्रथम' नावाच्या संस्थेचा बालसखी कार्यक्रम झाला, वस्तीतलीच एखादी शिकलेली मुलगी, मागे पडलेली पंधरा-वीस मुलं आणि रोज दोन तास, तिसरी-चौथीचं पुस्तक बाजूला ठेवून जिथं मूल अडलंय तिथून. बॅनर्जी, डुफ्लो यांनी ते तपासलं आणि मागची मुलं खरंच पुढे सरकली. तेव्हा तुमची पाचवीतली मुलं वेचणीवरून परत आली की त्यांना 'मागचे दोन धडे लिहून आण' एवढंच सांगितलं तर ती परत जातील. पंधरा दिवस वेगळं बसवून बघा. शाळेत जागा नसेल तर व्हरांडा.

प्रश्न: दारिद्र्यरेषा म्हणजे नक्की किती रुपये? ३२ रुपयांत माणूस जगतो असं म्हणाले होते ना?
(पुणे)

तो २०११ चा गोंधळ. शहरात दिवसाला माणशी ३२ आणि खेड्यात २६ असं नियोजन आयोगाने सुप्रीम कोर्टात सांगितलं आणि देशभर शिव्या खाल्ल्या. मुळात ही रेषा आखायच्या कामात पुण्याचाच मोठा हात. गोखले इन्स्टिट्यूटचे वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये हिशोब मांडला की रोज २२५० कॅलरी मिळायला महिन्याला किती खर्च लागतो. नंतर २००९ मध्ये सुरेश तेंडुलकर समितीने कॅलरीला चिकटून न राहता शिक्षण-औषधपाणी धरून रेषा परत आखली, त्या मापाने २०११-१२ मध्ये देशात २१.९ टक्के लोक गरीब. मग २०१४ ला रंगराजन समितीने रेषा वर नेली, शहरात ४७ आणि खेड्यात ३२, आणि एका रात्रीत तोच आकडा २९.५ टक्के झाला. जागतिक बँकेची अजून वेगळी, २०२५ च्या जूनपासून दिवसाला ३ डॉलर, पण हा डॉलर बँकेतल्या भावाचा नाही, इथल्या महागाईच्या हिशोबाने बदललेला, म्हणून त्याला डॉलरच्या चालू भावाने गुणून व्हॉट्सअपवर टाकू नका.

मला स्वतःला यापेक्षा अर्थतज्ज्ञ एन. एस. जोधा यांचं काम आवडतं. राजस्थानातल्या दोन गावांत त्यांनी साठच्या दशकात घरं मोजली होती, वीसेक वर्षांनी परत गेले. काही घरांचं उत्पन्न महागाई वजा जाता पाच टक्क्यांहून जास्त घटलेलं. त्यांना विचारलं तुमच्या मते बरं जगणं म्हणजे काय, लोकांनी ३८ गोष्टी सांगितल्या. पायात चप्पल असते का, मालकाच्या जागेत राहावं लागतं का, सालगडी म्हणून बांधून घ्यावं लागतं का, जनावरांच्याच खोलीत झोपावं लागतं का, अशा. त्या ३८ पैकी ३७ मध्ये हीच 'गरीब झालेली' घरं आधीपेक्षा बरी निघाली. कागदावर खाली गेलेला माणूस म्हणत होता, आता मालकाला विचारावं लागत नाही. हे रुपयांत कसं लिहिणार?

प्रश्न: लाडकी बहीणचे १५०० माझ्या खात्यात येतात. आमचे हे म्हणतात, बायकोच्या खात्यात टाकले काय नि नवऱ्याच्या काय, घर एकच. खरंच फरक पडतो का?
(कोल्हापूर)

ताई, दोन्ही बाजूंचे पुरावे आहेत, त्यामुळे आज घरात भांडण लागलं तर माझं नाव सांगू नका.

फरक पडतो म्हणणारा पुरावा दक्षिण आफ्रिकेचा. तिथं नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कृष्णवर्णीय म्हाताऱ्यांना पण मोठी पेन्शन मिळायला लागली आणि बरीच नातवंडं आजी-आजोबांच्याच घरात. एस्थर डुफ्लो यांनी बघितलं, आजीला पेन्शन मिळत असेल त्या घरातल्या नातींचं वजन-उंची सुधारली, आजोबांना मिळत असेल तिथं तसं काही दिसलं नाही. नातवांना मात्र आजीच्याही पेन्शनने तेवढा फरक नाही, आता याचं काय करायचं ते तुम्हीच बघा.

फरक पडत नाही म्हणणारा पुरावा मोरोक्कोचा. तिथं सरकारने मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून पैसे दिले, काही गावांत बापाला, काही गावांत आईला, काही ठिकाणी हजेरीची अट घालून आणि काही ठिकाणी बिनअटीचे. शाळेत मुलं वाढली सगळीकडेच, आई की बाप याने फारसा फरक नाही. 'हे शाळेचे पैसे' एवढं सांगितलं तेवढंच पुरलं.

आपल्या योजनेला अशी कसलीच चिठ्ठी चिकटवलेली नाही, २०२४ च्या जुलैपासून पैसे येतात आणि कशाला वापरायचे ते कुणी सांगत नाही, म्हणून तिकडचा निकाल इकडे जसाच्या तसा लावू नका. पण चिठ्ठी तुम्ही घरातल्या घरात चिकटवू शकता. एक बाई मला म्हणाल्या, मी हप्ता आला की त्याच दिवशी पोरीच्या क्लासची फी भरते आणि मग घरात सांगते.

प्रश्न: आमच्या वाडीत टॅब घेऊन सर्व्हेवाले आले होते. सासूबाईंनी सगळं खोटं सांगितलं. खरं सांगितलं तर रेशन बंद होईल म्हणतात.
(जि. जालना)

सरकारी नमुना सर्वेक्षण असेल तर तुमच्या घरची माहिती नावानिशी बाहेर देता येत नाही, तसा २००८ चा कायदा आहे. युनिव्हर्सिटीचे असतील तर ओळखपत्र मागा, किती वेळ लागेल विचारा, नको असेल तर सरळ नाही म्हणा. ओटीपी किंवा खात्याचा नंबर मागितला तर तो सर्व्हे नव्हेच, दार लावा.

बाकी सासूबाईंना बोलू नका. शिरापुरात लोकांनी खरं सांगितलं कारण तोच माणूस वर्षानुवर्षं त्याच ओट्यावर येऊन बसत होता. आमच्या मावशीकडे एकदा असाच एक पोरगा आला होता, मावशीनं दोन शेळ्या सांगितल्या. तो लिहून घेऊन उठला तेवढ्यात मागून उरलेल्या तीन ओरडल्या. पोरगा शहाणा, म्हणाला, मावशी, त्या शेजारच्या असतील ना? मावशीनं त्याला बसवून परत चहा दिला आणि पाच लिहायला लावल्या.